भिमाबाईचा निखारा

सिंदफणेच्या काठी खडकवण गावात गोसाव्यांचा मठ आहे. तिथे अचलगीर महाराज राहत होते तेव्हाची ही गोष्ट.

मठातली धुनी महाराजांच्या गुरूंच्या गुरूंनी पेटवलेली. ती कधी विझली नव्हती. गावात नवी सून आली की ती धुनीतला निखारा खापरात न्यायची आणि त्यावर सासरची चूल पेटवायची. पुढे काडेपेट्या आल्या, तसा बायकांनी विस्तव राखणं सोडलं. तुळाजीच्या भिमाबाईनं सोडलं नाही. रोज निजताना ती निखारा राखेत पुरायची आणि सकाळी फुंकून जागा करायची.

ती भिमाबाई गेली. दिवसकार्य उरकल्यावर तुळाजी तिच्या चुलीतला निखारा मडक्यातल्या राखेत घालून मठात आला. महाराज भिक्षेला गेले होते. धुनी सांभाळणारे शंकरगीर तेवढे समोर होते.

"बाबा, मला चूल राखता येत नाही," तुळाजी म्हणाला. "हा विझंल माझ्या हातनं. एवढा धुनीत घ्या. तिच्या हातचं एवढंच राहिलंय."

"मयताच्या घरचा विस्तव? आणि उद्या भंडारा!" शंकरगीर हसले. "बायको गेली तुझी, आणि तिची राख आम्ही सांभाळायची होय?"

बाकीचे गोसावीही हसले. तुळाजी मागे सरला, तेवढ्यात मडक्यातली चिमूटभर राख धुनीच्या काठावर सांडली.

"बाटवलीस धुनी!" म्हणत शंकरगीरांनी मडकं हिसकावलं आणि गुरांच्या हौदात टाकलं. मडकं बुडबुडत तळाला गेलं.

मग ते काठ शुद्ध करायला बसले. मंत्र म्हणत पाणी शिंपडलं. मनाचं समाधान होईना, पुन्हा शिंपडलं. शेवटी अख्खी घागरच काठावर ओतली. पाणी उतारानं धुनीच्या खड्ड्यात शिरलं. धुनी चरचरली, धूर झाला, आणि खाली काळे कोळसे उरले.

"काडी ओढू का?" एका गोसाव्यानं हळूच विचारलं.

"गुरूंचा विस्तव काडीनं येतो का रे?" ओले कोळसे उकरत शंकरगीर म्हणाले.

महाराज परतले. त्यांनी धुनी पाहिली, रिकामी घागर पाहिली, आणि घडलं ते ऐकून घेतलं. रागावले नाहीत.

"तुळाजी कुठं आहे?" एवढंच त्यांनी विचारलं.

तुळाजी हौदापाशी ओलं मडकं मांडीवर घेऊन बसला होता. महाराज त्याच्याजवळ गेले.

"गेला, महाराज. तिच्यामागं तोही गेला."

"हात घालून पाहिलंस?"

"पाण्यातनं काढलंय. राखेचा चिखल झालाय नुसता."

"भिमा रोज सकाळी काय करायची?"

"राखेत हात घालायची."

"मग तूही घाल," महाराज म्हणाले.

तुळाजीनं चिखलात बोटं खुपसली आणि चटकन बाहेर काढली.

"भाजलं, महाराज."

त्यानं चिखल बाजूला सारला. आत बोराएवढा निखारा लालबुंद होता. पाण्यानं त्याला शिवलंच नव्हतं.

सगळे गोसावी भोवती उभे राहिले. मागायचं धाडस कुणालाच होईना. तुळाजीनं मडकं छातीशी धरलं.

"धुनीत घातला तर तो तिचा कसा राहील, महाराज?"

"अरे, नवी नवरी होती तेव्हा इथूनच नेला होता तिनं. खापरात मीच घालून दिला होता. इतकी वर्षं सांभाळला आणि आज गरजेला धाडला. तिचा नाही तर कुणाचा?"

तुळाजी उठला. मडकं त्यानं धुनीच्या काठावर नेऊन ठेवलं. धुनीतले ओले कोळसे उपसून त्यानं सुकी गोवरी मांडली, तिच्यावर निखारा ठेवला आणि फुंकू लागला. राख डोळ्यात गेली.

"हळू," महाराज म्हणाले. "ती फुंकायची तसं."

तो हळू फुंकू लागला. गोवरीची कड लाल झाली, मग जाळ उठला.

शंकरगीर पुढे आले आणि तुळाजीच्या पायांवर वाकले. तुळाजीनं पाय मागे घेतले.

"माझ्या नको, बाबा. राखलं तिनं."

शंकरगीर तसेच वळले. धुनीच्या काठावर ते चिखलानं माखलेलं मडकं होतं. त्यांनी त्याच्यापुढे कपाळ टेकलं, आणि बराच वेळ वर उचललं नाही.