काचघरातलं तळं

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्या राज्याच्या उत्तरेला उंच डोंगर होते आणि डोंगराच्या माथ्याशी एक लहानसं गाव होतं. हिवाळ्यात तिथं असा गारठा पडायचा, की सकाळी दव गोठून परसातलं गवत पांढरं दिसायचं.

त्या गावात सुभाना नावाचा कारागीर राहत होता. तो खिडक्यांसाठी काचेची तावदानं बनवायचा. बायको भट्टी सांभाळायची. त्यांची एकुलती एक लेक होती चिमा. तयार झालेली तावदानं ती पेंढ्यात गुंडाळायची, तट्टावर लादायची आणि खिंड ओलांडून पलीकडच्या बाजारात पोचवायची. तिच्या हातून वाटेत कधी काच तडकली नाही. चिमा धडधाकट होती, बोलकी होती आणि पायाला भिंगरी बांधल्यासारखी हिंडायची.

एके वर्षी गावात तापाची साथ आली. त्या तापात चिमाची आई गेली. चिमाही मरणाच्या दारातून परत आली, पण तिच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. वैद्यबुवा नाडी बघून म्हणाले, "ताप उतरलाय, सुभाना. पण पोर अशक्त आहे. येत्या हिवाळ्यात हिला थंडीपासून जपा."

जपा हा एक शब्द सुभानानं मनात घट्ट धरून ठेवला. बायकोला तो जपू शकला नव्हता. आता लेकीच्या बाबतीत त्याला काही कमी पडू द्यायचं नव्हतं.

घरामागच्या परसात त्यानं लाकडी चौकटी उभ्या केल्या. ज्या तावदानांत बुडबुडे राहिले होते म्हणून विकली गेली नव्हती, ती सगळी त्या चौकटींत बसवली. भिंती काचेच्या, छप्परही काचेचं. आत मेथी पेरली, मिरची लावली, मोगऱ्याच्या कुंड्या आणून ठेवल्या. दिवसभर ऊन आत यायचं आणि बाहेर गारठा असला तरी आत ऊब असायची. एका कोपऱ्यात त्यानं चिमासाठी बाज टाकली.

चिमा तिथं बसू लागली. सुरुवातीला तिला बरं वाटलं. मग एक दिवस ती म्हणाली, "आबा, इथं सगळं हिरवंगार आहे, पण हलत काहीच नाही. वारा नाही, पाणी नाही. इथं एक तळं असतं तर? लहानसं. त्यात मासे असते तर?"

लेकीनं कितीतरी दिवसांनी काही मागितलं होतं. सुभानानं त्याच दिवशी कुदळ हातात घेतली.

काचघराच्या मधोमध त्यानं खड्डा खणला. मध्ये खोल ठेवला आणि एका बाजूला उथळ उतार दिला. ओढ्याकाठची चिकणमाती आणून तळाशी पसरली. आता ती माती तुडवून घट्ट करायची होती, म्हणजे पाणी झिरपणार नाही.

चिमा बाजेवरून उठली. "मी तुडवते, आबा."

"तू बस. दमशील."

"थोडीशीच तुडवते."

"बस म्हटलं ना, बाय. मी आहे ना सगळं करायला."

चिमा बसली. सुभानानं एकट्यानं माती तुडवली, काठाला सपाट दगड बसवले, उथळ कडेला अळू लावलं आणि ओढ्यावरून खांद्यावर घागरी आणून तळं भरलं. पाणी निवळून नितळ झाल्यावर खालच्या सरोवरावरचा भोई मडक्यातून मासे घेऊन आला. बोटभर लांबीचे रुपेरी मासे होते, शेपट्या जराशा तांबूस. भोयानं ते मडकं आधी तसंच तळ्यात ठेवायला सांगितलं. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं कोमट झालं, तेव्हा मडकं कलतं करायची वेळ आली. चिमानं हात पुढे केला.

"वाकू नकोस, घेरी येईल," असं म्हणून सुभानानंच मडकं कलतं केलं.

मासे पाण्यात शिरले आणि काचघरात जीव आला. दिवसा तापलेलं पाणी संध्याकाळी हळूहळू ऊब सोडायचं. मोगऱ्याला हिवाळ्यातच कळ्या धरल्या. गावकरी येऊन बघून जायचे आणि सुभानाचं कौतुक करायचे. "लेकीसाठी बापानं काय केलं बघा," असं म्हणायचे. सुभानाची छाती फुलून यायची.

मग तो माशांनाही जपू लागला. सकाळी भाताची शितं, दुपारी भाकरीचा कुस्करा, संध्याकाळी भाजलेलं पीठ. मासे वर आले की त्याला वाटायचं, आपल्यालाच ओळखून आले. तो आणखी एक मूठ टाकायचा. माशांनी खाल्लं नाही ते तळाशी जाऊन बसायचं. लेकीच्या ताटातही तो तसंच वाढायचा. तिनं नको म्हटलं की वर तूप घालायचा. कुठून तरी गार झुळूक येते अशी शंका आली, तेव्हा त्यानं छपराजवळ हवेसाठी ठेवलेली फटही राळ ओतून बुजवून टाकली.

बाळांनो, आता काय झालं ते ऐका.

तळ्याचं पाणी हिरवट झालं, मग गढूळ झालं. त्याला आंबूस वास येऊ लागला. चिमाचं जेवण तुटलं. ती बाजेवर पडून काचेपलीकडच्या डोंगराकडे बघत राहायची. सुभाना विचारायचा, "काय होतंय, पोरी?" ती म्हणायची, "काही नाही, आबा." मग तो तिच्या अंगावर आणखी एक घोंगडी टाकायचा.

एका सकाळी सुभाना आत आला तर सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून होते. तोंडं उघडत होती, मिटत होती. दोन मासे काठाशी उलटे तरंगत होते.

सुभाना घाबरून म्हणाला, "बघ, बघ, कसे आ वासून बसलेत! उपाशी मेले बिचारे. कमीच पडत होतं माझं." तो धावत घरात गेला आणि परात भरून पीठ घेऊन आला.

तोवर चिमा बाजेवरून उतरून काठाशी गुडघे टेकून बसली होती. सुभानानं मूठ भरली, तसा तिनं त्याचा हात धरला.

"नका घालू, आबा."

"अगं, भुकेले आहेत ते!"

"भुकेले नाहीत. पिठाकडे बघतसुद्धा नाहीत. ते श्वास घ्यायला वर आलेत. त्यांचा जीव घुसमटतोय."

"तुला कसं कळलं?"

चिमा पाण्याकडे बघतच हळू आवाजात म्हणाली, "मला कळतं, आबा."

सुभानानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या अंगावर तीन घोंगड्या होत्या. कपाळावर घाम होता. बाजेपाशी रात्रीचं ताट तसंच पडलं होतं, तूप थिजून पांढरं झालेलं. आणि तीही, तिला स्वतःला कळत नसताना, तोंड किंचित उघडून श्वास घेत होती.

त्याच्या हातातली परात खाली आली.

"मग काय करायचं?" त्यानं विचारलं. साथ येऊन गेल्यापासून त्यानं पहिल्यांदाच लेकीचं मत विचारलं होतं.

चिमानं घोंगड्या बाजूला टाकल्या. "ती वरची फट उघडा. मी पाणी काढते."

"थंडी येईल आत. तू पाण्यात उतरणार? चिमे, तुझी आई..."

"आई तापानं गेली, आबा. वाऱ्यानं नाही गेली. उघडा फट."

सुभाना शिडीवर चढला. स्वतःच्या हातानं ओतलेली राळ त्यानं छिन्नीनं फोडून काढली. गार वारा आत शिरला आणि मोगऱ्याची पानं हलली. खाली चिमा पदर खोचून उथळ पाण्यात उतरली. ओंजळीओंजळीनं तिनं तळाचा कुजका गाळ वर काढला आणि अळूच्या बुंध्याशी लोटला. जुनं पाणी निम्मं उपसलं. निम्मं तसंच ठेवलं, कारण सगळंच नवं पाणी माशांना सोसलं नसतं. मग घरातल्या रांजणाचं पाणी तिनं उंचावरून बारीक धारेनं तळ्यात सोडायला घेतलं.

"इतक्या वरून का ओततेस?"

"खिंडीतल्या ओढ्यात पाणी उंचावरून पडतं ना, तिथं मासे गोळा होतात. फेसाळलेलं पाणी त्यांना मानवत असावं."

तिचे हात गारठून लाल झाले होते. पाय थरथरत होते. मध्येच ती काठावर टेकायची, दम खायची आणि पुन्हा उठायची. शिडीवरून उतरून सुभाना शाल घेऊन धावला. पण तिच्याजवळ पोचल्यावर तो थांबला. तिनं शाल मागितली नव्हती. शाल हातात धरून तो तसाच उभा राहिला. खांद्यावर घागरी वाहण्यापेक्षा, भट्टीपाशी भाजून निघण्यापेक्षा ते नुसतं उभं राहणं त्याला जड गेलं.

दुपारपर्यंत आणखी काही मासे गेले. ते बघून चिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण उरलेले हळूहळू वरून खाली गेले आणि अळूच्या सावलीत फिरू लागले.

चिमा ओल्या कपड्यांनी काठावर बसली आणि म्हणाली, "आता ती शाल द्या, आबा. आणि जेवायला वाढा. भूक लागलीय."

सुभाना चुलीपाशी गेला. भाकरी थापताना त्याचे डोळे वाहत होते आणि तो धुराला दोष देत होता.

त्यानंतर माशांना खायला घालायचं काम चिमानं आपल्याकडे घेतलं. चिमूटभर घालायची, ते संपतं का बघायची. एखाद्या दिवशी काहीच घालायची नाही. गाळावर अळूची पानं सुपाएवढी झाली. दुपारी ऊन चढलं की ती फट उघडायची आणि संध्याकाळी पेंढा कोंबून बंद करायची. सुभाना फक्त विचारायचा, "आज उघडायची का?" रोज ती थोडी जास्त चालू लागली. आधी काचघरात, मग परसात, मग ओढ्यापर्यंत.

थंडी सरली. मोगरा भरभरून फुलला. तळ्यात माशांची बारीक पिल्लं दिसू लागली, टाचणीएवढी. एका सकाळी चिमानं तावदानं पेंढ्यात गुंडाळली आणि तट्टावर लादली.

सुभाना दारात उभा होता. खिंड चढाची आहे, वाटेत अजून गारठा असेल, कुणाला तरी सोबत ने, असं कितीतरी त्याच्या ओठांवर आलं. तो एवढंच म्हणाला, "परत कधी येशील?"

"सूर्य मावळायच्या आत."

तो दिवसभर भट्टीपाशी होता, पण कान वाटेकडे होते. उन्हं कलल्यावर तट्टाच्या टापा वाजल्या. चिमा आली. गाल वाऱ्यानं लाल झालेले, केस विस्कटलेले, आणि तोंडात बाजारातल्या चार गोष्टी. सुभानानं ताट वाढूनच ठेवलं होतं. ते उचलून तिच्यापुढे सरकवायला तो निघाला आणि मध्येच थांबला.

"भूक आहे का, पोरी?"

"वाटेत शेंगा खाल्ल्यात, आबा. जरा वेळानं जेवते. आधी तुम्ही बसा तर खरं, गंमत सांगायचीय."

सुभानानं ताटावर ताट झाकलं आणि तो लेकीजवळ बसला. ती बोलत राहिली आणि तो ऐकत राहिला. त्या घरात त्या दिवशी जेवायला उशीर झाला, पण दोघंही पोटभर जेवले.

तात्पर्य : माया करताना आपल्याला किती द्यावंसं वाटतं ते पाहू नये, समोरच्याला काय हवं आहे ते आधी विचारावं.