भोकरमामाचे पाहुणे

फार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर भोकराचं एक झाड होतं. समुद्र ओलांडताना दमलेले इवले पक्षी त्याच्यावर उतरत आणि त्याला मामा म्हणत.

एका सकाळी बागवान स्तेलिओसने त्याच्या फांद्यांत बारीक काठ्या खोचल्या. पाहुण्यांना बसायला जागा वाढली, म्हणून भोकर हरखलं. तेवढ्यात काळ्या टोपीची एक वटवटी एका काठीवर टेकली आणि किंचाळू लागली.

"काय झालं गं? उड की!"

"पाय सुटत नाहीत, मामा!"

भोकर काठीवर ओरडलं, "सोड तिला! कुणाचा हा डिंक?"

"मला काय विचारतोस?" काठी म्हणाली. "उन्हाळ्यात स्तेलिओसने टोपलीभर फळं नेली ना तुझी? तीच शिजवून आम्हाला फासलीत."

भोकराचं पान न् पान शहारलं. रोज पाणी घालणारा स्तेलिओस!

तो आलाच. वटवटीला ओरबाडून त्याने पिशवीत कोंबलं आणि बुंध्यावर थाप मारली. "शाबास गड्या! यंदा तुझी फळं भलतीच चिकट निघाली."

इतक्यात समुद्रावरून मोठा थवा आला. भोकर जिवाच्या आकांताने ओरडलं, "उतरू नका! पुढे जा!"

"पुरे थट्टा, मामा," थव्यातली म्हातारी हसली. "पुढे नुसतं पाणी आहे. पोरांच्या पंखांत त्राण उरलं नाही."

आणि सगळी पोरं मामाच्या फांद्यांवर उतरू लागली.