ओसरीवरची लांब काठी आणि काठाखालच्या मरळी

ही गोष्ट अगदी खरी आहे, देवाशपथ. माझ्या डोळ्यांदेखत घडली. घडली तेव्हा माझे पणजोबा पाळण्यात होते, एवढी एकच अडचण.

एका गावात एक तळं होतं. तळं कसलं, या काठावरच्याने चुना मागावा आणि पलीकडच्याने बसल्या जागेवरून द्यावा, एवढंसं. भोवती पाण्यावर वाकलेले करंज, कडेला लव्हाळं. पण त्या गावात माणसाची पत मोजत ती त्याच्या गळाच्या काठीवरून. सोयरीक घेऊन आलेले पाहुणे ओसरीवर आडवी टांगलेली काठी आधी हाताने मोजत, मग गुळपाणी घेत. त्यामुळे बाप लेकाला काठी देई आणि लेक तिला पुढे आणखी एक बांबू जोडी.

सगळ्यांत लांब काठी एका म्हाताऱ्याची. ती उचलायला तिघं लागत, आणि टोक हललं की शेजारच्या गावची कुत्री भुंकत. त्याने फेकलेला गळ तळं ओलांडून समोरच्या करंजात अडके. सगळ्यांचंच तसं होई. लोक दिवसभर झाडावर चढून गळ सोडवत, बाजारातून सुकट आणत, आणि तळ्यात आता मासाच राहिला नाही म्हणून हळहळत.

एकदा म्हाताऱ्याची लेक माहेरी बाळंत झाली. रक्त फार गेलं. पोर चुन्यासारखी पांढरी पडली, बाळाकडे मान वळवायचंही त्राण उरलं नाही. वैदूने नाडी पाहिली आणि ताज्या मरळीचा रस्सा आजच्या आज द्या म्हणून सांगितलं. उद्याचं विचारल्यावर त्याने बटवा आवरला.

म्हाताऱ्याने दोघांना हाताशी घेऊन गळ फेकला. करंजात. पुन्हा फेकला, पुन्हा करंजात. उन्हं कलली तशी म्हातारी काठावर आली आणि तिने कोयता त्याच्यापुढे ठेवला.

"तुमची काठी शेजारच्या गावापर्यंत पोचते," ती म्हणाली, "लेकीच्या ताटापर्यंत तेवढी पोचत नाही."

म्हातारा काठीकडे बघत राहिला. त्यात आज्याचा बांबू होता, बापाचा होता. ही तोडली तर ओसरीवर टांगायचं काय, आणि उद्या नातवाला मुलगी कोण देणार?

"काका, लोक बघतायत," शेजारी हळूच म्हणाला.

"बघू देत," म्हातारा म्हणाला आणि त्याने कोयता चालवला. लव्हाळ्याच्या पुढे जाईल आणि डोक्यावरच्या फांदीला लागणार नाही, एवढीच ठेवली. त्याच्या उंचीपेक्षा हातभर जास्त.

आता गळ सरळ त्याच्या पायांपुढे उतरला. तो बघायला म्हाताऱ्याला खाली वाकावं लागलं. जन्मभर त्याने पलीकडचा काठच पाहिला होता.

खाली करंजाची मुळं देवळाच्या खांबांसारखी अंधारात उतरत गेली होती. आणि त्या खांबांमध्ये मरळी उभ्या होत्या. काळ्याभोर, मांडीएवढ्या, डोक्यावर शेवाळ चढलेल्या. हलत नव्हत्या. गावाच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या बढाया जणू त्या इथूनच ऐकत आल्या होत्या.

म्हातारा गळ विसरला. त्याचा चेहरा पाहून एकेकाने आपली काठी खाली ठेवली आणि सगळा गाव काठावर ओणवा झाला. पानावरून थेंब पडला तोसुद्धा ऐकू आला.

मग मरळींतली एक सावकाश वर आली आणि तिने आमिष तोंडात घेतलं. म्हाताऱ्याने फक्त मनगट उचललं.

दिवेलागणीला लेकीने वाटीभर रस्सा घेतला. पहाटे तिच्या ओठांवर रंग आला आणि ती म्हणाली, "आई, बाळाला इकडे दे."

पुढे पाहुणे आले, की ओसरीवरची काठी बघून विचारत, एवढीच का? म्हातारी म्हणे, "तळं बघून या. तोवर कालवण होतंय."

तात्पर्य: काठी किती लांब हवी हे तळ्याला विचारावं, ओसरीवरच्या पाहुण्यांना नव्हे.

आता कबूल करतो. कुत्र्यांचं मी पदरचं घातलं, आणि काठी उचलायला तिघं नाही, दोघंच लागत. मरळींचं मात्र एक अक्षर खोटं नाही. पटत नसेल तर तुमच्या तळ्याच्या काठाशी वाकून बघा. सावली तेवढी पाण्यावर पडू देऊ नका, मरळी बुजतात.