पाठीमागचं उंबर

फार फार पूर्वी, राज्याची लांबीरुंदी अजून पावलांनी मोजत असत, तेव्हाची ही गोष्ट.

एका राजाला दोन मुलं होती, थोरली राजकन्या आणि धाकटा युवराज. दोघं हाताशी आल्यावर राजाने एका कोरड्या दरीचे दोन उतार त्यांना वाटून दिले. पूर्वेचा तिला, पश्चिमेचा ह्याला. प्रत्येकासोबत चाळीस घरं दिली आणि म्हणाला, "दर पौर्णिमेला दरीत नगारा वाजेल. आधी थोरलीची पाळी, मग धाकट्याची. एका पाळीला एकच नवं काम काढायचं. बारा पाळ्या झाल्या की महिन्याने मी येईन आणि तुमच्या उतारावरचं पाणी पिईन, तुमच्या उतारावरचं अन्न खाईन. ज्याच्याकडे ते मिळणार नाही, त्याची वस्ती मोडेन. त्याची माणसं समोरच्या उतारावर चाकरीला जातील."

युवराजाने वळून पाहिलं. चाळीस घरांतली माणसं त्याच्याकडे बघत होती. त्यांच्या कडेवर पोरं होती.

त्याने उतारावर एक चौथरा बांधून घेतला, समोरचा उतार नीट दिसेल असा, आणि त्यावर बैठक मारली. राज्य करणाऱ्याने जागचं हलू नये असं त्याला वाटे. सल्ला द्यायला मंडळी जमलीच.

"आधी तट," सेनापती म्हणाला. "तट नसला तर बाकीचं बांधून काय चोरांना द्यायचं?"

"आधी कोठार," कोठारी म्हणाला. "भुकेला शिपाई तटावर उभा राहत नाही."

"आधी देऊळ," पुजारी म्हणाला. "माणसं देवाच्या आधाराने टिकतात, युवराज."

शिल्पी हळूच पुढे सरकला. "एक मनोरा बांधू या. सात गावांतून दिसेल. बारा पाळ्या लागतील, पण नाव होईल!"

सगळ्यांचं खरं होतं, आणि तीच तर पंचाईत होती. युवराज एकाचं ऐकून मान हलवी, दुसऱ्याचं ऐकून पुन्हा हलवी. शेवटी मानच दुखायला लागली.

इतक्यात नगारा वाजला. समोर राजकन्येने बुरुजाचं काम काढलं. युवराजाला हायसं वाटलं. अक्का हुशार, अक्का बुरूज बांधते, म्हणजे बुरूजच बरोबर! त्यानेही बुरूज काढला.

तिच्या उतारावर दगड पायाशी पडलेला. ह्याच्याकडे तांबडी माती. दगड दोन कोसांवरून आणावा लागला, कुंभाराच्या एकुलत्या एका गाढवाच्या पाठीवरून. बुरूज कमरेइतका होतो न होतो तोच दुसरा नगारा वाजला. समोर तळं सुरू झालं. युवराजाने बुरूज सोडला आणि तळं काढलं. तळ्यात पडलेलं पाणी मुरमातून खाली जिरून गेलं. तिसऱ्या पाळीला तिने पागा बांधली. ह्यानेही बांधली. त्याच्याकडे घोडा एकही नव्हता.

बाजारात नवखा दुकानदार असंच करतो. शेजारच्या पेढीवर गर्दी दिसली की तोच माल भरतो, आणि आपल्या गल्लीत त्याचं गिऱ्हाईक आहे का, हे विचारायचं विसरतो.

अशा नऊ पाळ्या गेल्या. उतारावर नऊ कामं उभी होती आणि एकही पुरं नव्हतं. बायका दीड कोसावरच्या ओढ्यावरून पाणी वाहत होत्या. एके सकाळी सात घरांच्या चुली पेटल्या नाहीत. ती माणसं बोचकी उचलून दरी ओलांडून गेली होती.

"गेले ते गेले," सेनापती म्हणाला. "म्हणून सांगत होतो, आधी तट."

"तट असता तर आत कोंडून उपाशी मेले असते," कोठारी म्हणाला. दोघांची जुंपली.

युवराज चौथऱ्यावर डोकं धरून बसला. तेवढ्यात खालून आवाज आला, "युवराज, रागावणार नसाल तर एक विचारू?"

बघतो तर कुंभाराचं गाढव! पाठीवर दगड, कान खाली पडलेले.

"आता तुझाही सल्ला?" युवराज वैतागून म्हणाला. "विचार बाबा. तूच तेवढा राहिला होतास."

"हा उतार तुम्ही पाहिलाय का?"

"रोज पाहतो."

"समोरचा पाहता. आपला कधी?"

युवराजाने समोरच्या उतारावरून नजर काढली. मग म्हणाला, "चालत हिंडायला पाळी कुठे आहे? तीनच उरल्यात."

"चालायला पाळी लागते, असं कोण म्हणालं?" गाढव म्हणालं. "मी नऊ महिने चालतोय, त्यासाठी कधी नगारा वाजला नाही."

सेनापती खो खो हसला. युवराज मात्र चौथऱ्यावरून उतरला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या पायाला आपल्या उताराची माती लागली. गाढवामागून तो चौथऱ्याच्या पाठच्या बाजूला गेला. तिथे एका घळीत उंबराचं झाड होतं. एवढ्या उन्हात हिरवंगार!

"भर दुपारी मी इथे थांबतो," गाढव म्हणालं. "खुरांना गार लागतं. म्हणून कुंभाराच्या काठीचा मारही खातो."

युवराजाने वाकून माती मुठीत घेतली. ती ओलसर होती. जिकडे त्याने नऊ महिने पाठ केली होती, तिकडेच पाणी होतं.

दहाव्या नगाऱ्याला समोर काय निघालं ते त्याने विचारलंही नाही. विहीर काढली. स्वतः कुदळ घेतली. अकराव्या पाळीला घळीत मूग पेरला. बाराव्या पाळीला विहिरीला कठडा बांधला. अर्धवट बुरुजाचा दगड त्याला पुरून उरला. मनोऱ्याची आठवण शिल्प्याने करून दिली, तेव्हा युवराज म्हणाला, "आधी रहाट बसव."

राजा आला. तो ओंजळभर पाणी प्याला, मुगाची उसळ जेवला, आणि म्हणाला, "वस्ती राहील." तेहतीस घरांतल्या बायकांनी पदराने डोळे टिपले.

राजकन्याही आली होती. युवराज तिला म्हणाला, "अक्का, तू बुरूज बांधलास आणि मी फसलो बघ."

"अरे वेड्या," ती म्हणाली, "माझ्या बाजूच्या खिंडीतून लांडगे यायचे. तुझ्याकडे खिंड तरी आहे का?"

युवराज हसला, पण पुरतं हसू आलं नाही. गेलेली सात घरं समोरच्या उतारावर रुळली होती. ती पुढेही परतली नाहीत. त्याने चौथरा मोडला आणि त्या दगडांच्या विहिरीला पायऱ्या केल्या. गाढवाला उंबराखाली थांबायची मुभा मिळाली, आणि काठीला सुट्टी.

तात्पर्य : दुसऱ्याची चाल पाहून आपली चाल ठरवू नये; आधी आपली जमीन पायाखालून घालावी.