ठकू कासारणीचा न ठरलेला भाव

हिवरपेठेत माल भरायला आलेला नवा माणूस हटकून विचारतो, "शेठ, तुमच्या गावची वस्ती किती?" मी म्हणतो, "आतली सांगू की बाहेरची धरून सांगू?" तो हसतो. पण ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. जरा टेका, चहा येईपर्यंत सांगून होईल.

फार फार वर्षांपूर्वी, आमच्या दुकानाची पहिली फळी बसायच्याही आधी, ही पेठ गच्च भरलेली होती. साळी होते, तेली होते, कुंभार होते. बाजाराच्या दिवशी घासाघिशीचा असा गलका उठायचा की टेकडीपलीकडच्या म्हशी दचकून पान्हा चोरायच्या, असं म्हणतात.

त्या बाजारात वेशीजवळच्या काटेरी हिवराच्या झाडाखाली ठकू कासारीण बसायची. नवरा तरुणपणीच गेलेला. अख्ख्या पेठेच्या मनगटात तिची काकणं, तिचे स्वतःचे हात मोकळे. एकुलता एक मुलगा, लिंबाजी. गाव तिला आत्या म्हणायचं आणि तिच्याशी भाव करायला घाबरायचं. तिच्यासारखी घासाघीस करणारं माणूस पुन्हा झालं नाही.

मग पाऊस रुसला. एक वर्ष रुसला, दुसरं वर्ष रुसला. विहिरींनी तळ दाखवला, बैल विकले गेले आणि पेठ उठायला लागली. पोट ज्याला ओढून नेतं त्याला हात धरून थांबवता येत नाही, हे ठकूआत्याला कळत होतं. ती रडली नाही. काकणांची टोपली घेऊन वेशीत बसली.

पहिला निघाला सटवा साळी, डोक्यावर बोचकं, मागे बायको.

"सटवा, बायकोला काकणं घे."

"आत्या, दाणा नाही पोटात. काकणं कुठली घेऊ?"

"घे म्हटलं का मी? भाव तर विचार."

हिवरपेठेचा माणूस तो. त्याला राहवलं नाही, त्यानं विचारला. ती आभाळाएवढा बोलली. सटवानं बोचकं खाली आपटलं. "काच आहे की हिरे?"

"तुझं धोतर बघून बोलले. वाटलं, श्रीमंत आहेस."

"धोतराला दोन भोकं आहेत!"

"तीन आहेत. मागचं तुला दिसत नाही."

बायको कितीतरी दिवसांनी हसली. घासाघीस रंगली. आत्या उतरत आली, सटवा चढत आला, आणि आता भाव पटणार तोच आत्यानं काकणं त्याच्या हातातून काढून घेतली आणि हिवराच्या काट्याला अडकवली.

"राहू दे. परत आलास की ठरवू."

"अगं, जवळजवळ ठरलाच होता!"

"जवळजवळ. ठरला नाही."

आमच्या धंद्यात हे शिकवावं लागत नाही, हाडातच असतं. पुरा झालेला सौदा माणूस विसरतो. अर्धा राहिलेला सौदा त्याला झोपू देत नाही. आत्यानं जाणाऱ्या एकेकाशी असा सौदा मांडला आणि अर्ध्यात सोडला. हिवर काकणांनी भरून गेला.

सगळ्यात शेवटी निघाला तिचा लिंबाजी. नवी सून चंद्रा बरोबर. उत्तरेच्या वाटेनं जाणार होते. लिंबाजी हसत म्हणाला, "आई, हिच्यासाठी ती लाखेची काकणं दे. बोल, काय भाव?"

आत्यानं सुनेचे वाळलेले हात पाहिले आणि तिच्यानं बोलवेना. गावाशी भांडलेली ती जीभ पोटच्या पोरापुढे उलटली नाही. तिनं काकणं उचलली, आपल्या हातानं सुनेला चढवली आणि म्हणाली, "तुझ्याकडून कसला भाव, बाळा? ने."

ती नेमकी तिथं चुकली.

पेठ रिकामी झाली. आत्या एकटी उरली. हिवराच्या शेंगा खाऊन जगली, असं म्हणतात. बाजाराच्या दिवशी ती वेशीत बसायची आणि झाडाकडे कान लावायची. कारण वारा नसतानाही एखादं काकण मध्येच किणकिणायचं. दूरच्या रानात कुणाला तरी आपला अर्धा सौदा आठवायचा, त्याची पावलं घराकडे वळायची, आणि इथं काट्यावर त्याचं काकण वाजायचं.

पाऊस परतला तसं झाड रात्रंदिवस वाजू लागलं. पहिला आला सटवा. बोचकं टाकायच्या आधी ओरडला, "आत्या, परमुलखात खडी फोडताना डोक्यात तोच भाव! ठरव बाई एकदाचा!" त्याच्यामागून तेली आले, कुंभार आले. एक अनोळखी पिंजारी आला, कापूस पिंजायची धनुकली खांद्याला. म्हणाला, "तुमचा एक तेली वाटेत माझ्या मांडीवर गेला. जाताना सांगितलं, कासारणीशी माझा सौदा राहिलाय. तो पुरा करायला आलोय." भाव करता करता संध्याकाळ झाली, तो राहिला. आज पिंजारी आळी आहे ती त्याचीच. आमची सगळी वस्ती अशी अर्ध्या सौद्यांतून उभी राहिली.

पेठ भरली, गलका परत उठला. हिवर मात्र मोकळा होत गेला. शेवटचं काकण उतरलं, त्या दिवशी आत्या बराच वेळ उघड्या फांद्यांकडे बघत राहिली. लिंबाजीचं काकण त्यावर कधी नव्हतंच. किणकिणणार काय? तो जिवंत आहे की नाही, हे सांगायलासुद्धा तिच्यापाशी काही उरलं नव्हतं. बाकीच्यांना तिनं सौद्यानं बांधलं होतं, पोराला मायेनं मोकळं सोडलं होतं.

तेव्हापासून बाजार उठला की ती उत्तरेच्या वाटेवर जाऊन उभी राहायची आणि रिकाम्या रस्त्याला हाक मारायची, "लिंबा, ती काकणं फुकट नव्हती रे! भाव राहिलाय. ये, भांड माझ्याशी." उत्तर आलं नाही की भाव थोडा उतरवायची. पुढच्या बाजाराला आणखी थोडा. गाव दारं लावून ऐकायचं.

एका संध्याकाळी त्या वाटेवरून दोन आवाज आले. एक आत्याचा, एक पुरुषाचा. कडकडून घासाघीस चालली होती आणि मध्ये हसणं. लोक धावले, तर वाटेवर कुणी नव्हतं. आवाज दूर दूर जात विरले. काही म्हणतात, लिंबाजी आला आणि आईला घेऊन गेला. काही म्हणतात, टेकडीनं तिचाच आवाज परत दिला. मी दोन्ही माल पुढे ठेवले, पटेल तो घ्या.

आजही आमच्या पेठेतून कुणी शिकायला, नोकरीला, नांदायला निघालं की आई त्याला सगळं बांधून देते आणि त्याला हवी असलेली एक वस्तू ठकूआत्याच्या नावानं अडवून धरते. एसटीच्या थांब्यावर भांडण जुंपतं.

"आई, दे ना. दिवाळीला येईन."

"ते तर येशीलच. आणखी काय देतोस?"

"शिमग्यालाही येईन."

"बघू."

गाडी सुटते, वस्तू आईच्या हातात राहते. परगावचे कंडक्टर म्हणतात, हिवरपेठेच्या आयांइतक्या कंजूष बायका पाहिल्या नाहीत.

आमच्या समोरच्या द्वारकाकाकूंकडे खुंटीवर एक छत्री आहे, निळी. मुलगा सुरतेला गेला तेव्हा मागत होता. शिमगे येऊन गेले, दिवाळ्या येऊन गेल्या. परवा भर पावसात काकू डोक्यावर पोतं घेऊन भाजीला आल्या. मी म्हटलं, "काकू, घरात छत्री आहे ना?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आहे. पण ती दुसऱ्याची आहे."

आणि पोतं सावरून भेंडीचा भाव विचारू लागल्या.