रिबका आणि पांढरी कळी

करवंदीच्या जाळ्या संपून जिथे सागाचं हिरवंगार रान सुरू होतं, तिथे एका इवल्याशा झोपडीत रिबका आपल्या आईबरोबर राहायची. आई सुंदर गोधड्या शिवायची. पण एकदा विहिरीपाशी पाय घसरून ती पडली आणि तेव्हापासून तिचा उजवा हात वळेना. सुई धरवेना. चूल कधी पेटे, कधी न पेटे. रिबका करवंदं विकून चार घास मिळवायची आणि रोज येशूला सांगायची, "मला चांगली मुलगी कर."

एका सोनेरी सकाळी झऱ्याकाठी तिला रडू आलं. तेवढ्यात पाण्यावर चमचम झाली. अंगठ्याएवढी नाजुकशी परी! पंख गुलाबी, निळे, मोरपंखी.

"तू देवदूत आहेस का गं?" रिबकानं विचारलं.

"नाही बाळ, मी एवढीशी परी. पण तुझी प्रार्थना ज्यानं ऐकली, त्यानंच मला पाठवलंय." परीनं तिच्या ओंजळीत एक पांढरीशुभ्र कळी ठेवली. "ही स्वच्छ हातांतच उमलेल. उमलली की एक इच्छा माग, एकच. आणि माझ्याशी कधी खोटं बोलायचं नाही."

रिबकानं हात घासून घासून धुतले. कळी मिटलेलीच. मग तिच्या ध्यानात आलं, हात स्वच्छ म्हणजे वागणं स्वच्छ! आजपासून एकही चूक करायची नाही, तिनं ठरवलं.

पण दुपारी शेजारची मार्था आईचं ठिगळाचं लुगडं पाहून हसली आणि रिबकानं तिला ढकललं. मार्थाची टोपली उपडी झाली. टपोरी करवंदं धुळीत गडगडली.

"मी तर मनापासून ठरवलं होतं," रिबका पुटपुटली. "मग हे कसं झालं?"

दुसऱ्या दिवशी ती फार जपून वागली. कुणाला उलट बोलली नाही. पाखरांना दाणे टाकले. संध्याकाळी तिच्या मनात आलं, 'मी मार्थापेक्षा कितीतरी चांगली!' आणि लगेच ती दचकली. हा विचार चांगला होता का? ती पार गोंधळून गेली. चिडून तिनं नखांनी कळी उघडायला घेतली. टर्रकन एक पाकळी फाटली.

कळी मुठीत धरून ती धावत झऱ्याकाठी गेली. वाटेत वाटलं, सांगावं की शेळीनं खाल्ली. पण परी समोर येताच तिला रडू फुटलं. "मीच फाडली. मार्थाला ढकललंही मीच. मला चांगलं व्हायचं असतं, पण होताच येत नाही! माझे हात कधी स्वच्छ होणारच नाहीत का?"

परी तिच्या बोटावर अलगद बसली. "न मळलेले हात या रानात कुणाचे आहेत, बाळ? धुतलेले हातसुद्धा स्वच्छच असतात."

रिबकानं डोळे पुसले. मग तिनं घरून आपली करवंदांची टोपली उचलली आणि थेट मार्थाचं दार गाठलं.

"माझं चुकलं, मार्था. ही घे माझी करवंदं."

मार्थानं मान खाली घातली. "मी तरी का हसले गं? तुझ्या आईला सांग, माझंही चुकलं." आणि तिनं अर्धी करवंदं परत रिबकाच्या ओच्यात घातली.

तेवढ्यात रिबकाच्या मुठीत काहीतरी हललं. फाटक्या पाकळीसकट कळी उमलली होती! आत केशराचा इवला दिवा लुकलुकत होता.

"माग," तिच्या खांद्यावर येऊन बसलेली परी हळूच म्हणाली.

रिबका पुन्हा गोंधळली. 'माझ्याकडून कधीच चूक होऊ नये,' असं मागावं? की आईचा हात? तिला चुलीपाशी डाव्या हातानं धडपडणारी आई आठवली.

"माझ्या आईचा हात बरा होऊ दे. मी मात्र... मी चुकत राहीन गं."

"चुकशील. पण परत फिरायची वाट आता तुला ठाऊक आहे." परी हसली. तिचे पंख चांदण्यांसारखे झळाळले, सारं रान दुधाळ उजेडानं भरलं आणि ती त्या उजेडातच विरून गेली.

रिबका घरी पोचली, तर आई दारात उभी! उजवा हात उंचावून ती बोटं मिटत होती, उघडत होती. रडत होती आणि हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईची भाकरी करपली. "करपवलीस ना!" रिबका फणकारली. मग तिनं जीभ चावली आणि आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "चुकलं गं, आई."

दोघींनी ती करपलेली भाकरी अर्धी अर्धी केली आणि चवीचवीनं खाल्ली.