वाटीभर वरणाची किंमत

"…आणि त्या वाटीभर वरणाचे त्यांनी सहाशे रुपये लावले! सांगा बुवा, ही काय किंमत झाली?"

दामोदरबुवा मठाच्या स्वयंपाकघरात कणीक मळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

विचारणारे केळुसकर शहरातल्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. त्यांची पत्नी नलिनी उन्हाळ्यात वारली होती.

"एवढं कुठलं हॉटेल, मास्तर?"

"मी प्राध्यापक आहे."

"बरं. कुठलं हॉटेल?"

"दारातच पितळी घंगाळात फुलं सोडलेली. आत शिरलं की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो, असलं."

"एकटेच गेलात?"

"…हो. काल आमच्या लग्नाचा वाढदिवस होता."

बुवा मळत राहिले.

"ती दर वर्षी म्हणायची, एकदा तिथं जाऊ या. मी म्हणायचो, तुझ्या हातचं वरण त्या लोकांना सात जन्मांत जमणार नाही. तेच खरं निघालं! हिंगाचा पत्ता नाही. गूळ नाही. वर कसलंसं पान तरंगत होतं. फुलके तेवढे गरम. एक संपायच्या आत दुसरा पानात. हातमोजे घातलेला माणूस सारखा पाठीशी उभा. सुखानं घास गिळू देईना."

"म्हणजे तुमचंच बरोबर ठरलं."

"ठरलंच!"

"मग राग कशाचा?"

"त्या लुटारूंचा!" केळुसकरांचा आवाज चिरकला. "सहाशे रुपयांत आमच्या घरी पंधरा दिवस वरण होतं."

"होत होतं," बुवा म्हणाले.

…

केळुसकर भिंतीला टेकले.

"बुवा, मला बाकी ज्ञान नको. एकच वाक्य हवंय. तिची ती हौस फुकाची होती, नेलं नाही तेच ठीक झालं. एवढं तुम्ही म्हणा. मी घरी जाईन. मला झोप लागेल."

"तिला तिथं काय खायचं होतं?"

"खायचं?… ते काही कधी बोलली नाही. म्हणायची, तिथं बसायला बरं वाटेल. आता सांगा! आमच्या घरात खुर्च्या नव्हत्या?"

बुवांचा हात थांबला.

त्यांनी परात केळुसकरांच्या पुढ्यात सरकवली. इतक्या जोरात की पीठ त्यांच्या पायजम्यावर उडालं.

"लाटा."

"मी?"

"मला भूक लागलीय. लाटा, भाजा, वाढा. तुमचं वाक्य जेवण झाल्यावर."

बुवा हात धुऊन पाटावर बसले.

पहिला फुलका तव्याला चिकटला. दुसरा निखाऱ्यावर टाकला तो फुगलाच नाही. बुवांनी तो बोटानं उचलून पाहिला.

"गार आहे."

"आत्ता तर काढला!"

"दुसरा."

केळुसकरांनी दुसरा दिला.

"मीठ."

ते मीठ घेऊन आले, तोवर तव्यावरचा जळला.

"पाणी."

"अहो, मी लाटू, भाजू की पाणी देऊ?"

बुवांनी रिकाम्या पेल्याकडे बोट दाखवलं.

केळुसकरांनी पेला भरला. अर्धं पाणी जमिनीवर सांडलं. चष्म्यावर वाफ धरली होती. मनगटाला चटका बसला होता. बुवा खाली मान घालून सावकाश जेवत होते. चांगलं झालंय, की वाईट झालंय, एक अक्षर नाही. पोट भरलं तसे ते उठले आणि ताट तिथंच टाकून मोरीवर गेले.

केळुसकर पाहत राहिले. मग संतापानं त्यांनी स्वतःसाठी ताट ओढलं, चुलीजवळच्या पातेल्यातलं वरण वाढून घेतलं आणि पाटावर बसले.

परातीत गोळे होते. तवा तापला होता.

"बुवा, तवा तापलाय."

"दिसतोय."

"मग? माझं जेवण व्हायचंय."

"जेवा की."

"आता मी उठू? पानावरनं? पुन्हा लाटायला?" ते ओरडले. "मला वाढायला कुणी नाही का इथं?"

आपलाच आवाज ऐकून ते थांबले…

बुवा पंच्याला हात पुसत दाराशी गेले. मागे वळले नाहीत.

"वाढणारं माणूस हवं ना? मग तिथंच जा, मास्तर. दर तुम्हाला ठाऊक आहेत."